टिकी कोरताना कोपर धरलं, बोटं सुन्न पडतात. हत्यारं, मोगरी, बसायची पद्धत, सगळ्यावर बोलूया

गोदाकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी इंदिरानगरला राहतो, दिवसभर कॉम्प्युटरचं काम आणि गेली तीन वर्षं सुट्टीच्या दिवशी गच्चीवर लाकूड कोरतो. कुठे शिकलेलो नाही, बघून बघून आणि चुकून चुकून हात बसला. मला नाद लागलाय तो टिकीचा. पॅसिफिक बेटांवरचे ते मोठ्या तोंडाचे, जाड भुवयांचे, गुडघ्यात वाकलेले पुतळे असतात ना, ते. पहिली केली ती फूटभर उंचीची, आंब्याच्या फांदीतली. आत्ता चालू आहे ती चार फुटी. मागच्या पावसाळ्यात आमच्या कॉलनीतलं आंब्याचं झाड पडलं, त्याचा ओंडका दोन मजूर लावून गच्चीवर चढवला, दोन्ही टोकांना फेविकॉल फासून सावलीत ठेवला आणि जानेवारीपासून कोरायला घेतला.

आता त्रास सांगतो. उजव्या कोपराच्या बाहेरच्या हाडापाशी कळ येते, चहाचा कप उचलताना, कुलूप फिरवताना, पिशवी धरताना. डाव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री दोन-अडीचला मुंग्या येऊन सुन्न पडतात, जाग येते, हात झटकला की थोड्या वेळाने बरं वाटतं. आणि तिसरं म्हणजे उजवी करंगळी कधीकधी गार पडते, अगदी फेब्रुवारीतल्या दुपारीसुद्धा. कमरेचं तर बोलतच नाही कारण ओंडका जमिनीवर आणि मी पाटावर, असे चार-चार तास जातात.

हत्यारं म्हणाल तर ऑनलाइन घेतलेला बारा पटाश्यांचा (कोरायच्या छिन्न्यांचा) सेट, त्यात तीन गोल, एक किलोची रबरी हातोडी, आणि जास्तीचा माल काढायला चार इंची ग्राइंडर. बारीक कामाला हातोडी न घेता पटाशीच्या मुठीवर तळहाताच्या टाचेनेच ठोकतो, त्याने अंदाज चांगला येतो.

मला हे सोडायचं नाहीये. पन्नाशीच्या आत हात निकामी करून घ्यायचे नाहीयेत हेही तितकंच खरं. ज्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा, हा त्रास लाकूडकामात धरूनच चालायचा असतो का?

फिजिओताई

दादा, तुम्ही एका दमात तीन वेगळी दुखणी सांगितलीत, त्यांना एकत्र करू नका.

कोपराच्या बाहेरच्या बाजूची कळ म्हणजे ज्याला टेनिस एल्बो म्हणतात ते बहुतेक. मनगट मागे उचलणारे स्नायू कोपराच्या त्या हाडाला चिकटलेले असतात. हातोडी घट्ट धरून प्रत्येक घाव मनगटाने अडवला की तो ताण तिथे जाऊन बसतो. डाव्या हाताचं रात्रीचं सुन्न पडणं हे मनगटातली मज्जातंतू दाबली गेल्याचं लक्षण वाटतंय, कारण ती नस अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू इतक्यालाच जाते, करंगळीला जात नाही. पटाशी तासन्‌तास आवळून धरली आणि मनगट वाकलेलं राहिलं की हे होतं. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपा, बऱ्याच जणांना त्यानेच फरक पडतो. पण शुगर आणि थायरॉइड एकदा तपासा, त्यानेही हेच होतं.

मला खरी काळजी वाटली ती करंगळीची. तळहाताच्या टाचेने ठोकणं आजपासून बंद. तिथे करंगळीच्या बाजूला, कातडीच्या फार खाली नाही अशी एक रक्तवाहिनी हाडाच्या एका कोंबाजवळून जाते, रोज त्यावर आपटलं की तिच्या भिंतीला इजा होते, आत गुठळी होऊ शकते आणि बोटाचा रक्तपुरवठा कमी होतो. हाताचा हातोडा करणाऱ्या मेकॅनिक आणि सुतार लोकांत हे दिसतं. बोट गार पडणं, पांढरं किंवा निळसर होणं याला मुंग्यांसारखं घरी बसून बघत राहू नका, या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.

आणि तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही, धरून चालायचं नसतं.

सुताराचा पोरगा

ताईंनी शरीराचं सांगितलं, मी हत्याराचं सांगतो. आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकी, वडील वयाच्या सत्तरीपर्यंत पटाशी चालवत होते आणि त्यांचं कोपर कधी दुखलं नाही. का, तर त्यांची पटाशी बोथट असायचीच नाही. ते दर वीस-पंचवीस मिनिटांनी थांबायचे, दगडावर चार हात मारायचे, चामड्यावर ओढायचे आणि परत कामाला. आम्हाला वाटायचं वेळ घालवतायत.

एक करून बघा. पटाशी उन्हात किंवा बल्बखाली धार डोळ्याकडे करून धरा. धारेवर कुठे पांढरी रेघ चमकली तर तिथे ती बोथट आहे, कारण खऱ्या धारेला उजेड परत फेकायला जागाच नसते. मग आंब्याच्या तुकड्यावर रेषेला आडवी चालवा. धार असेल तर कापलेली जागा गुळगुळीत, जवळजवळ चकाकणारी येते आणि छिलका अखंड वळत वर येतो. धार नसेल तर लाकूड चुरडतं, जागा पांढुरकी आणि केसाळ दिसते, आणि तुम्ही नकळत जोर वाढवता. तो वाढवलेला जोर कुठे जातो ते तुमच्या कोपराला माहीत आहे.

दुसरं, धार ग्राइंडरवर लावता का? लावत असाल तर टोक निळं पडलंय का बघा. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, तेवढा भाग आता मऊ झाला, कितीही घासा धार टिकणार नाही, तो भाग झिजवून मागच्या चांगल्या पोलादापर्यंत जावंच लागेल. पाणी जवळ ठेवून, बुडवत बुडवत, हलक्या हाताने. आंब्याला २५ अंशाच्या आसपासचा उतार पुरतो, बाभळीसारख्या लाकडाला ३० च्या जवळ ठेवा नाहीतर धार तुटते. गोल पटाशीच्या आतल्या बाजूला त्याच गोलाईची काडी करून त्याला बारीक पॉलिश पेपर गुंडाळायचा.

रबरी हातोडी टाका. रबर उसळतं, निम्मा घाव परत तुमच्या हातात येतो. लाकडी मोगरी घ्या, पाचशे-सहाशे ग्रॅमची, बाभळीची मिळाली तर उत्तम. एक किलोची मोगरी माल उडवायला ठीक, पण चार तास रोज नाही.

सातपूरवाला

ग्राइंडरबद्दल कोणीतरी बोलायलाच पाहिजे म्हणून लिहितोय. मी एमआयडीसीत फॅब्रिकेशनला आहे, वीस वर्षं ग्राइंडर हातात आहे. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११००० फेरे फिरतो. लोखंडावर डिस्क अडकली तर झटका बसतो, पण लाकूड कोरायला काही लोक त्याला साखळीच्या दातांची चकती लावतात, ती गाठीत अडकली की मशीन हातातून उडून छातीकडे येतं. आमच्या ओळखीच्या एकाच्या डाव्या हाताची दोन बोटं अशीच गेली, गार्ड काढून वापरत होता. गार्ड काढायचा नाही, बाजूचं हँडल काढायचं नाही, दोन्ही हात मशीनवर, आणि गोधडीसारखे सैल सुती हातमोजे तर फिरत्या मशीनवर बिलकुल नाही, दोरा अडकला की हात ओढला जातो.

थरथरीचं पण आहे. जास्त वेळ थरथर बसली की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि नसा खराब होतात, थंडीत बोटं पांढरी पडतात, आणि एकदा जास्त झालं की पूर्ण भरून येत नाही. तेव्हा दहा मिनिटं मशीन, मग पटाशी, मग परत मशीन असं करा. मूठ सैल ठेवा, मशीनचं वजनच काम करतं.

धुळीबद्दल एवढंच सांगतो, लाकडाची धूळ ही कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात आहे, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच तसं छापलंय, नाकाचा कर्करोग. पटाशीचे छिलके जड असतात, खाली पडतात. पॉलिश पेपर आणि ग्राइंडरची धूळ डोळ्याला दिसत नाही इतकी बारीक असते आणि ती तासभर हवेत तरंगते. रुमाल बांधून काही होत नाही. नाकावर नीट बसणारा एन-९५ तरी हवाच, आणि दाढी असेल तर तो बाजूने गळतो.

हां, आणि चामड्यावर लावायला बफिंगवाल्यांकडे हिरव्या मेणाची वडी मिळते, स्टीलच्या पॉलिशची. एक वडी दोन-तीन वर्षं जाते.

तांबटांचा नातू

मी लाकडातला नाही पण घाव घालण्यातला आहे. आमचे आजोबा जुन्या नाशकात तांब्याचे हंडे-घागरी ठोकायचे. दिवसाला हजारो घाव. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली होती, हातोडा मारायचा नसतो, उचलायचा असतो, पडायचं काम तो स्वतः करतो. घाव बसायच्या क्षणी मूठ सैल हवी, फक्त अंगठा आणि दोन बोटांनी दांडा सुटणार नाही इतकाच धरलेला. मी लहानपणी घट्ट धरून मारायचो तर ते माझ्या मुठीत चिंचोका ठेवायचे आणि म्हणायचे हा चिंचोका तळहाताला रुतला नाही पाहिजे.

पण त्यांचे कान गेले. साठीनंतर घरातल्या सगळ्यांना त्यांच्याशी ओरडून बोलावं लागायचं, आणि नातवंडांच्या हळू आवाजातल्या गोष्टी त्यांच्यापर्यंत पोचायच्याच नाहीत. हाताचं तंत्र त्यांना त्यांच्या वडिलांनी दिलं होतं, कानाचं कोणी सांगितलंच नव्हतं. ग्राइंडर किंवा चेन सॉ लावाल तेव्हा कानात बोळे घाला, मळून घालायचे फोमचे, तीस-चाळीस रुपयांत जोडी येते. चेन सॉ तर १०० डेसिबलच्या वर जाते.

ऑकलंडकर

मूळचा नाशिकरोडचा, आता चौदा वर्षं न्यूझीलंडमध्ये. धागा वाचून राहवलं नाही.

माओरी लोकांच्या काही कथांत टिकी म्हणजे पहिला माणूस. इथे गळ्यात घालायची हिरव्या दगडाची आकृती असते तिला हे-टिकी म्हणतात, ती घराण्यातून पुढे दिली जाते आणि लोक तिच्याशी मेलेल्या पूर्वजांशी बोलावं तसं वागतात. मार्केसस बेटांवर दगडाचे टिकी आहेत, हिवा ओआ बेटावरचा एक तर अडीच मीटरहून उंच आहे. हवाईत अशा मूर्तींना किई म्हणतात, आणि तिथे १८१९ मध्ये राजानेच जुने निर्बंध मोडले तेव्हा पुष्कळ मूर्ती जाळल्या गेल्या, त्यामुळे उरल्या त्या फार थोड्या. आपण व्हिडिओत बघतो ती दातवाली, रंगीत, बारमधली टिकी ही वेगळी गोष्ट, ती १९३० च्या दशकात कॅलिफोर्नियात सुरू झाली, १९३३ च्या सुमाराला हॉलीवूडमध्ये डॉन द बीचकोंबर नावाचा बार निघाला तिथून. तिथले हौशी कारागीर ताडामाडाचे ओंडके वापरतात कारण शहरात कापून टाकलेले फुकट मिळतात.

हे सांगायचं कारण, डोकं एवढं मोठं का कोरतात हे इथे एका कोरीवकाम करणाऱ्या माणसाने मला समजावलं. डोकं हा माणसाचा सगळ्यात पवित्र भाग, म्हणून. तेव्हापासून मी टिकीचं तोंड गंमत म्हणून बघू शकत नाही. तुम्ही मनापासून कोरताय म्हणून सांगतो, कुठल्या बेटाची आकृती आहे ते आधी बघून घ्या आणि माओरी घराण्यांच्या खास खुणा आपल्या मनाने मिसळू नका.

हत्याराचं म्हणाल तर लोखंड यायच्या आधी हे सगळं दगडी टोकीने व्हायचं, टोकी म्हणजे आपला वाकसच, पातं आडवं बांधलेलं. रोटोरुआला कोरीवकामाची शाळा आहे, तिथे मी बघत उभा राहिलो तर ती मुलं लाकूड आपल्या उंचीला आणून मगच हात लावत होती. एकही मुलगा जमिनीवर वाकलेला दिसला नाही.

पेठ_सुरगाणा

वाकसाचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे वाघदेव असतो, सागाच्या फळीवर किंवा खांबावर वाघ, नाग, चांद-सूर्य कोरलेले, वाघबारशीला त्याची पूजा होते. तुमच्या टिकीचं वाचून मला आमच्या शिवेवरचा वाघदेवच आठवला, उभा, समोर बघणारा. माझ्या चुलत्यांनी दोन केलेत. ते लाकूड ओलं असतानाच कोरतात. ओल्या लाकडात पटाशी भाकरीत जावी तशी जाते, तुमचा ओंडका आठ-नऊ महिने वाळलाय म्हणजे तुम्ही स्वतःच काम दुप्पट करून घेतलं. बोहाड्याचे सोंगांचे मुखवटे पांगारा, सावर अशा हलक्या लाकडाचे करायचे ते पण यासाठीच, कोरायलाही हलके आणि रात्रभर तोंडावर बांधून नाचायलाही.

ओलं कोरलं की तडकतं म्हणाल, तर तडकणारच, अख्खा ओंडका गाभ्यासकट आहे ना. लाकूड गोलाईत जितकं आकसतं तितकं आत गाभ्याकडे आकसत नाही, जवळपास दुप्पट फरक असतो, त्यामुळे कुठेतरी फाटणारच. चुलते पाठीच्या बाजूला उभी चीर गाभ्यापर्यंत आधीच मारून ठेवतात, मग फाटायचं ते तिथून फाटतं, तोंड शाबूत राहतं. एप्रिलच्या नाशिकच्या हवेत रात्री ओलं पोतं गुंडाळून ठेवा.

नारळवाला

आमच्या आवारातला माड पडला होता, त्यात मी एक केली. परत करणार नाही. माडाला वर्षाची वलयं नसतात, बाहेर दोन-तीन इंच दगड आणि आत मऊ भुसकट, आणि त्यातले काळे दोरे पटाशीची धार अर्ध्या तासात खातात. त्याचं कुसळ बोटात गेलं तर बाहेर काढायला फार अवघड, माझं बोट आठवडाभर सुजलं होतं. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊनच ठेवा, कुठलंही लाकूड असो.

गोदाकाठचा (धागाकर्ता)

सात आठवड्यांनी येतोय, उशिराबद्दल माफी. सगळ्यांचे प्रतिसाद प्रिंट काढून गच्चीच्या दाराला लावलेत.

आधी करंगळीचं. फिजिओताई, तुमचा प्रतिसाद वाचून तिसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करायला लावली. गुठळी नाही पण रक्तवाहिनीची भिंत एका जागी खडबडीत झालीय, लवकर आलात म्हणाले. तीन महिने तळहातावर काहीही आपटायचं नाही. तुम्ही लिहिलं नसतं तर मी गेलो नसतो, हे मला रोज आठवतं. शुगर नॉर्मल, थायरॉइड थोडा वर, गोळी चालू. पट्टा बांधून झोपतो, रात्रीची जाग आता आठवड्यातून एखाद्या वेळी.

पाच आठवडे कोरणं पूर्ण बंद ठेवलं आणि तेवढा वेळ फक्त धार लावायला शिकलो. बारापैकी सात पटाश्या निळ्या निघाल्या. तीन घासून घासून चांगल्या पोलादापर्यंत आल्या, बाकीच्या मऊच, त्या सोडून दिल्या. ट्रकच्या कमानीच्या जुन्या पाट्यापासून लोहाराकडून दोन गोल पटाश्या करून घेतल्या, एक पाऊण इंची, एक दीड इंची, त्याने भट्टीत लाल करून तेलात विझवल्या आणि मग ठिसूळ राहू नयेत म्हणून हलक्या तावावर थोडंसंच पाणी उतरवून आणल्या. मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळून जाड केल्या, आता आवळावं लागत नाही.

ओंडका दोन लाकडी घोड्यांवर (सुताराच्या स्टँडवर) आडवा ठेवलाय, माझ्या कोपरापेक्षा चार बोटं खाली, खाली वाळूची दोन अर्धी पोती, बाजूंनी पाचरी. वाळूने एक मोठा फरक पडला, घाव उसळत नाही, सगळा लाकडात जातो.

परवा पहिल्यांदा परत मोगरी धरली. डाव्या भुवईच्या खालची खोलगट जागा, जिथे मी जानेवारीत पंधरा दिवस झगडत होतो आणि लाकूड नुसतं केसाळ होत होतं. दीड इंची गोल पटाशी टेकवली, मोगरी उचलली आणि सोडली. छिलका अखंड वर आला, पातळ, पोपटाच्या चोचीसारखा वळलेला, आणि खालची जागा ओल्या खडकासारखी चकाकली. आवाजच वेगळा होता, आधी खर्र खर्र यायचा, आता टक, टक. वीस मिनिटं झाली, अलार्म वाजला, धार लावली, परत वीस मिनिटं, आणि बंद. कोपर दुखलं नाही.

ऑकलंडकर, तुमचं वाचल्यावर दात कोरायचे रद्द केले. ही मार्केससच्या धाटणीची आहे, मोठे गोल डोळे, हात पोटावर. तसंच ठेवतोय. आणि पेठ_सुरगाणा, पाठीत चीर मारली, पण मला उशीर झालाच, गालावर एक बारीक तड आधीच गेलीय. चुलत्यांना विचाराल का, त्यात पाचर भरायची की तशीच ठेवायची?

पेठ_सुरगाणा

विचारलं. म्हणाले पावसाळा जाऊ द्या. पावसात ती आपोआप मिटत येईल, आत्ता पाचर ठोकली तर लाकूड फुगल्यावर दुसरीकडे फाटेल. दिवाळीनंतर जेवढी उरेल तेवढी त्याच लाकडाच्या चिपेने भरा, रेषा जुळवून. आणि वाघबारशीला या म्हणाले, वाघदेव दाखवतो.

नवा_हात

धागा दोनदा वाचला. गोदाकाठचा दादा, मोगरीचं माप आणि लाकूड सांगाल का? मी नुकतीच सुरुवात करतोय, अजून काहीच घेतलेलं नाही.

गोदाकाठचा (धागाकर्ता)

बाभळीची आहे, वखारीतून तुकडा आणून सुताराकडून गोल करून घेतली. डोकं पाच इंच लांब, तीन इंच जाड, दांडा आठ इंच, सगळी मिळून ५८० ग्रॅम भरली. दांडा तुमच्या मुठीत बोटं तळहाताला टेकणार नाहीत इतका जाड ठेवा. आणि पटाश्या घ्यायच्या आधी धारेचा दगड घ्या, दोनच पटाश्या घ्या, सेट नको. लाकूड ओलं असतानाच मला कळवा, रविवारी सकाळी मी घरीच असतो, गच्चीवर या, धार लावायची तुमच्याच हाताने करून बघू.